हवेचा आखडणारा पाइप: तिप्पट लांबीचा हट्ट सोडलात, तर जमेल

हर्णैच्या एका तरुण मेकॅनिकचा प्रश्न आहे. तो बोटींची कामं करतो. कॉम्प्रेसर शेडमध्ये असतो आणि काम कधी बोटीच्या बुडाखाली, कधी डेकवर. पंधरा मीटरचा रबरी पाइप जड, वेटोळं केलं तरी स्कूटरवर धड बसत नाही. बागेला पाणी घालायचा एक कापडी पाइप मिळतो, नळ सोडला की लांब होतो, बंद केला की आखडून मूठभर होतो. तसा हवेसाठी करता येईल का? दाब ८ बार, त्यावर ग्राइंडर, इम्पॅक्ट रेंच आणि गंज काढायचा नीडल स्केलर चालायला हवा. करायचा तर कुठून सुरुवात करावी?

करता येतो. पण बागेतला पाइप तिप्पट होतो म्हणून हवेचाही तिप्पट व्हावा, हा हट्ट धरलात तर जे हातात येईल ते कोणाच्या कानाजवळ वापरू नका. दीडपट, फार तर पावणेदोनपट, इथवरच मी जाईन. ही मर्यादा कुठून येते ते नीट कळलं की बाकीचं डिझाइन आपोआप जागेवर बसतं, म्हणून आधी तेच सांगतो.

पाणी दाबलं जात नाही. १०० लिटरच्या टाकीत ८ बार दाबाने पाणी भरलं, तर त्यात साठलेली ऊर्जा जेमतेम १५ ज्यूल. तीच टाकी हवेने ८ बारला भरली, तर साधारण एक लाख ज्यूल, म्हणजे एक टन वजन दहा मीटर उचलण्याइतकी. बागेतला पाइप फाटतो तेव्हा फस्सकन पाणी उडतं, दाब तिथेच मरतो, आपण हसतो. हवेचा पाइप फाटतो तेव्हा मागची अख्खी टाकी त्या भोकातून बाहेर यायला बघते आणि सुटलेलं टोक कपलरसकट, म्हणजे जोडणीच्या धातूच्या तुकड्यासकट, फिरत सुटतं. म्हणून बागेच्या पाइपाला हवेचं निपल, म्हणजे नळी चढवायची धातूची तोटी, लावून 'बघू तरी' असा प्रयोगही करू नका. त्याची आतली नळी अशा कामासाठी नसतेच.

आता रचना. आत एक मऊ, ताणणारी नळी, बाहेर चुणीदार कापडी खोळ, दोन्ही टोकांना फिटिंग. खोळीत दोन प्रकारचे धागे: लांबीच्या दिशेचा ताणा आणि गोल फिरणारा बाणा. हवा भरली की नळी फुगायला बघते, बाणा तिला फुगू देत नाही, म्हणून ती लांबीत वाढते. वाढता वाढता खोळीच्या चुण्या उलगडतात, ताणा ताठ होतो आणि लांबी तिथे थांबते. त्यानंतर दाब वाढवला तरी पाइप लांब होत नाही, सगळा भार धाग्यांवर जातो.

ज्या दाबाला ताणा ताठ होतो, त्याला मी पूर्ण लांबीचा दाब म्हणतो. अख्ख्या डिझाइनमधला महत्त्वाचा आकडा हाच, आणि नेमका हाच कोणी धरत नाही. कारण असं: ग्राइंडरचा खटका दाबला की टोकाकडचा दाब उतरतो. रेग्युलेटरवर ७ दिसत असेल, तर हत्यारापाशी साडेपाचही होतो. पूर्ण लांबीचा दाब ६ बार असेल, तर त्या क्षणी पाइप आखडेल आणि ग्राइंडर तुमच्या हातातून मागे ओढेल. खटका सोडला की परत लांब. परांचीवर उभं राहून डोक्यावरचं काम करताना दर खटक्याला असा हिसका बसला, तर माणूस खाली येईल. बहुतेक हत्यारांवर ६.३ बार, म्हणजे ९० पीएसआय, कामाचा दाब लिहिलेला असतो. पूर्ण लांबीचा दाब त्याच्या बराच खाली हवा. मी ४ बार धरतो.

इथेच खरी ओढाताण आहे. पाइप लांब करणारं बल म्हणजे दाब गुणिले आडवा छेद. परत ओढणारं बल म्हणजे ताणलेल्या रबराची ओढ. ४ बारला पहिलं दुसऱ्याला पुरं पडायचं, तर रबराची ओढ एका मर्यादेपलीकडे जाता कामा नये. ओढ कमी करायची म्हणजे रबर कमी घ्यायचं, आणि वर ते जितकं ताणाल तितकी भिंत आणखी पातळ होणार. ताणलेल्या अवस्थेत बोअर, म्हणजे आतला व्यास, १० मिमी आणि मऊ, म्हणजे कडकपणाच्या शोर मापावर ४० च्या आसपासचं रबर धरून हिशोब केला, तर १.६ पट लांब होणाऱ्या पाइपाची भिंत ताणल्यावर साधारण १.३ मिमी उरते. २.२ पट केलात तर अर्धा मिलिमीटर. तिप्पट केलात तर पाव मिलिमीटरच्या आसपास. पाव मिलिमीटर रबर, बाहेर कापड, आत ८ बार हवा! बाण्याच्या दोन धाग्यांत थोडी फट पडली तरी तिथून नळीला फोड येणार आणि तिथेच फुटणार. तिप्पट नको म्हणतो ते एवढ्यासाठी.

१.६ पटीचा पाइप मापात मांडतो. आराम अवस्थेत आतली नळी आत ७, बाहेर १२ मिमी, म्हणजे भिंत अडीच. ताणल्यावर आत १०, बाहेर साडेबारा. पंधरा मीटर हवा असेल तर आराम अवस्थेत साडेनऊ मीटरच्या आसपास. ऐकायला फार कमाई वाटत नाही ना? पण वजन बघा. साडेनऊ मीटर नळीचं रबर पाऊण किलोच्या आसपास. जाड भिंतीचा रबरी पाइप पंधरा मीटरला चार किलोच्या घरात जातो. शिवाय हा मऊ आहे, डब्यात कसाही कोंबता येतो. अडचण वजनाची आणि वळण न घेण्याची होती, नुसती लांबीची नव्हती.

बोअर १० मिमीच्या खाली आणू नका. पाइपात वाया जाणारा दाब ढोबळ मानाने व्यासाच्या पाचव्या घाताने बदलतो. १० चा ८ केलात की तेवढ्याच हवेला तिप्पट दाब वाया. ५ मिमी बोअरचा स्प्रिंगसारखा निळा पीयू (पॉलियुरेथेन) पाइप बाजारात मिळतो, त्यात १० च्या मानाने बत्तीस पट. तो हवा मारायच्या गनला ठीक, इम्पॅक्ट रेंच त्यावर नुसता घरघरतो आणि मग लोक रेंचला शिव्या घालतात. आणि एवढं सांभाळून टोकाला पाव इंची बारीक कपलर लावलात, तर सगळ्यात अरुंद जागा तीच झाली. मोठ्या बोअरचा कपलर घ्या, नाहीतर पाइपावर खर्च करू नका.

खोळीबद्दल एक गैरसमज सार्वत्रिक आहे. वायरी बांधायला मिळते ती तिरप्या विणीची जाळी लोक नळीवर चढवतात. तिरप्या विणीला स्वतःचं गणित असतं. धागा अक्षाशी ५४.७ अंशाचा कोन करतो तेव्हा पाइप दाबाखाली ना लांब होतो ना आखूड. कोन त्याहून जास्त असेल तर लांब होतो, कमी असेल तर उलट आखडून फुगतो. हवेवर चालणारे कृत्रिम स्नायू याच तत्त्वावर बनतात. लांबीत दाबून आखूड केलेली जाळी ७५ अंशावरून सुरू करून ५४.७ पर्यंत नेली, तर कागदावर २.२ पट लांबी मिळते. प्रत्यक्षात मिळत नाही, कारण कोन ५४.७ कडे सरकू लागला की लांब करणारं बल शून्याकडे जातं आणि रबराची ओढ मात्र वाढतच राहते. पाइप मध्येच अडकतो आणि दर खटक्याला मागे-पुढे होतो. म्हणून ताण्याबाण्याची सरळ विणलेली, नळीच्या आकाराची खोळच घ्या.

धागा पॉलिएस्टरचा. नायलॉन पाणी पितो आणि उन्हात लवकर कुजतो. आपल्याकडे दोन्ही मुबलक. मजबुतीचा प्रश्न फारसा नाहीच. ८ बारला बाण्यावर दर मिलिमीटर लांबीला साधारण ५ न्यूटन येतात, चौपट धरले तर २०. एक जाडसर पॉलिएस्टर धागा एकटा सत्तर-ऐंशी न्यूटन घेतो. म्हणजे ताकदीसाठी दर तीन-चार मिलिमीटरला एक वेढा पुरला असता. दाट वीण लागते ती ताकदीसाठी नाही, नळी झाकण्यासाठी. आणि वीण किती दाट आहे ते चुण्या पडलेल्या अवस्थेत बघायचं नाही. पूर्ण ताणून, उजेडासमोर धरून बघायचं. उजेडाचे ठिपके दिसले तर ती खोळ परत करा.

आतल्या नळीच्या रबरावर जरा थांबावं लागेल. बागेच्या पाइपात असतं ते लॅटेक्स ताणायला उत्तम, पण कॉम्प्रेसरच्या हवेत तेलाची वाफ असते आणि हत्याराला आपण वेगळं तेल देतोच. खनिज तेलात नैसर्गिक रबर फुगतं आणि कुजतं. ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर ऊन-वारा सोसतं, तेल सोसत नाही. पीयू दोन्ही सोसतं, पण या कामाला फार ताठ आहे, ४ बारला त्याची लांबी वाढणारच नाही. उरतं मऊ नायट्राइल रबर. ते तेलाला पुरून उरतं. त्याचा शत्रू ओझोन, आणि ताणलेल्या रबरावर ओझोनच्या चिरा लवकर पडतात. खोळीमुळे थोडा आडोसा मिळतो, मिश्रणात ओझोनरोधक घालून घ्या, आणि काम संपल्यावर पाइप दाबाखाली ताणलेला ठेवून घरी जाऊ नका. रात्रभर ताणून ठेवलेलं रबर सकाळी पूर्ण आखडतही नाही.

आता आपल्या किनाऱ्याची गोष्ट. यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. बोटी वर ओढल्या जातात, शाकारल्या जातात आणि दुरुस्तीचा मोठा हंगाम नेमका भर पावसात येतो. ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रतेच्या एका घनमीटर हवेत २५-२६ ग्रॅम पाणी असतं. १० सीएफएम, म्हणजे मिनिटाला १० घनफूट, हवा देणारा कॉम्प्रेसर तासाला १७ घनमीटर हवा ओढतो. ती ८ बारला दाबून थंड झाली की तासाला साडेतीनशे ते चारशे मिलिलिटर पाणी वेगळं होतं. काही टाकीत बसतं, बाकीचं तुमच्या पाइपात. वॉटर सेपरेटर कॉम्प्रेसरच्या तोंडाशी लावलात तर फारसा उपयोग नाही, तिथे हवा गरम असते, पाणी अजून वाफेत असतं. हवा लांबच्या पाइपातून थंड होऊन आली की मग सेपरेटर, आणि त्यापुढे हा आखडणारा पाइप. साधा पाइप टांगला की निथळतो. हा आखडला की आत पाणी आणि तेल मिळून दुधाळ चिखल धरून बसतो. बंद करण्याआधी मोकळ्या टोकाने, कमी दाबावर, थोडा वेळ हवा सोडून द्यायची सवय लावावी लागते.

पाण्याहून वाईट वाळू. खोळ आणि नळी यांच्या मधे वाळूचा कण शिरला की पाइप दर वेळी लांब-आखूड होताना तो नळीवर घासतो. बोटीच्या बुडाची खरवडलेली शिंपली तर काचेसारखी असतात. म्हणून खोळीवर बाहेरून पातळ पीयूचा लेप मिळाला तर घ्या, चुण्या किंचित ताठ होतील, चालेल. वेल्डिंग चालू असेल त्या बाजूला मात्र हा पाइप नेऊच नका. पॉलिएस्टर २६० अंशाच्या आसपास वितळतं, ठिणगीचा एक मणी पुरतो.

टोकं. असे पाइप बहुधा टोकाशीच जातात, कारण मऊ नळी जिथे कडक निपलवर चढते तिथेच सगळा ताण गोळा होतो. निपलची कड गोल आणि गुळगुळीत हवी, दातेरी नको. फेरूल, म्हणजे बाहेरून दाबून बसवायचं धातूचं कडं, दोन टप्प्यांत दाबा: आतल्या टप्प्यात नळी हलक्या दाबाने, बाहेरच्या टप्प्यात खोळ घट्ट. ८ बारला टोकावर १०० न्यूटनच्या आसपास ओढ येते, ती खोळीने घ्यायची आहे, नळीने नाही. स्क्रूची क्लिप इथे अजिबात नको, ती कापड कापते आणि खाऱ्या हवेत स्वतःही सडते. फेरूलच्या पुढे हातभर निमुळतं रबरी बूट चढवा, म्हणजे वाकण्याचा कोन तिथेच मोडणार नाही. झिंक चढवलेले लोखंडी कपलर मिरकरवाड्यासारख्या बंदरावर एका पावसाळ्यात गोळ्या जाम करून बसतात. पितळी घ्या, नाहीतर ३१६ स्टेनलेस. ३०४ वर समुद्राकाठी तांबूस डाग येतात, काम चालतं, पण आतली स्प्रिंग कशाची आहे ते विचारून घ्या.

सुरक्षेच्या तीन गोष्टी, आणि त्यांत सवलत नाही. पाइपाच्या उगमाशी प्रवाह अचानक वाढला की बंद होणारा व्हॉल्व्ह बसवा, बाजारात तो होज-ब्रेक व्हॉल्व्ह किंवा एअर फ्यूज नावाने मिळतो. अमेरिकेतल्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेच्या बांधकाम नियमांत अर्ध्या इंचापेक्षा मोठ्या बोअरच्या हवेच्या पाइपाला उगमाशी असं साधन सक्तीचं आहे. आपला पाइप त्याहून बारीक असला तरी भिंत पातळ आहे, म्हणून लावायचंच. दुसरं, कॉम्प्रेसरच्या बाजूला हवा बाहेर सोडणारा तीन-मार्गी बॉल व्हॉल्व्ह. ताणलेल्या पाइपात चार-साडेचार किलोची ओढ भरलेली असते. हत्याराचं टोक मोकळं ठेवून दाब एकदम सोडलात तर ते टोक सरपटत येतं. आधी टोक हातात, मग व्हॉल्व्ह, तोही हळू. तिसरं, हा पाइप श्वासाच्या हवेसाठी कधीही नाही. कॉम्प्रेसरची हवा पाइपाने घेऊन बुडी मारणारे लोक किनाऱ्यावर आहेत, त्यांनी हा 'हलका आहे' म्हणून मागितला तर देऊ नका. जेलकोट (फायबरच्या बोटीचा वरचा थर) किंवा रंगाच्या स्प्रे गनलाही नको. स्टायरीन आणि थिनरच्या वाफेत स्थिर विजेची ठिणगी पडू शकते, तिथे विद्युतवाहक पाइप लागतो.

इतकं सगळं सांगून, तुमच्या कामासाठी मी पंधरा मीटरचा असा पाइप बनवणार नाही. कॉम्प्रेसरपासून बोटीच्या कुशीपर्यंतचा पाइप हंगामभर तिथेच पडून असतो, तो साधा, १२-१३ मिमी बोअरचा रबरी असू दे. तिथे सेपरेटर आणि तेलाची कुपी. त्यापुढचे सहा-सात मीटर, जे तुम्ही शिडीवरून, डेकवरून, इंजिनच्या खोलीत ओढत नेता, तेवढेच आखडणारे. सात मीटरचे साडेचार होतात, डब्यात जातात, फाटलं तर बदलायला स्वस्त. ज्याला फिरत्या कामासाठी अख्खे पंधरा मीटर सोबत न्यायचेच आहेत, महामार्गावर टायरची कामं करणाऱ्यासारखे, त्याने फायर होजसारखा सपाट गुंडाळणारा पाइप बघावा. सपाट जाडी ३ मिमी धरली तर पंधरा मीटरची गुंडाळी २४ सेंटिमीटर व्यासाची होते, ताटाएवढी. त्यात ओढ नाही, हिसका नाही. फक्त हवा सोडण्याआधी पूर्ण उलगडावा लागतो आणि घडीच्या कडा आधी झिजतात. त्यात पीयू असेल तर ईथर जातीचं मागा. एस्टर जातीचं पीयू उष्ण दमट हवेत पाण्यानेच हळूहळू तुटतं, चिकट होतं, मग भेगाळतं. दुकानदाराला फरक ठाऊक नसेल तर पाइपावरची छापील ओळ आणि कंपनीचा कागद बघा.

बनवायचंच ठरलं तर पहिला नमुना दोन मीटरचा करा. चाचणी पाण्याने, हवेने नाही. हवेच्या रबरी पाइपांसाठी आयएसओ २३९८ हे मानक आहे, पाइपांच्या पाण्याच्या दाबाच्या चाचणीसाठी आयएसओ १४०२. फुटण्याचा दाब कामाच्या दाबाच्या चौपट धरायचा, म्हणजे ८ बारला ३२. हातपंपाचा टेस्ट पंप प्लंबिंगवाल्याकडे मिळतो. आतली हवा पूर्ण काढून मगच दाब चढवा, हवेचा बुडबुडा राहिला तर पाण्याची चाचणी ही पाण्याची राहत नाही. ३२ ला टिकला, तरी तो नमुना कामाला वापरायचा नाही, कापून टोकं आतून बघायची.

दुसऱ्या नमुन्यावर लांबी मोजा. जमिनीवर टेप पसरून, एक टोक बांधून, मोकळ्या टोकाला बूच लावून, ० ते ८ बार एकेक बार चढवत लांबी लिहा, मग तशीच उतरवत लिहा. चढताना ४ च्या आसपास लांबी थांबली पाहिजे आणि ८ पर्यंत जवळपास तिथेच राहिली पाहिजे. ५ च्या पुढेही वाढत असेल तर रबर जाड किंवा कडक आहे. २ लाच थांबली तर भिंत पातळ आहे, खूश होऊ नका. उतरताना लांबी चढतानापेक्षा थोडी जास्त दिसेल, रबर तसंच वागतं. मग टायमरवर सोलेनॉइड (विजेवर उघडणारा-मिटणारा) व्हॉल्व्ह लावून दहा सेकंद चालू, दहा बंद असं दहा हजार वेळा चालवा. साधारण छप्पन्न तास लागतात. नमुना जाड लाकडी पेटीत झाकून ठेवा, आणि जमलं तर पेटी खाऱ्या वाऱ्यात ठेवा, शेडच्या आत नको. संपल्यावर तीच लांबीची मोजणी पुन्हा करा. शून्य दाबाची लांबी दहा टक्क्यांहून जास्त वाढली असेल तर रबराचं मिश्रण बदलायला सांगा, खोळीला हात लावू नका.